लेकराचा दमा आणि परदेशातली हवा

पदवीचे निकाल लागले की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आई-बाबांच्या बोलण्यात एक नवा विषय येतो. मुलाला किंवा मुलीला लहानपणापासून दमा आहे आणि आता पुढच्या शिक्षणासाठी परदेशात जायचं ठरतंय. तपासणी आटोपते, फाइल मिटते आणि मग हळूच विचारलं जातं, "मॅडम, तिकडची कुठली हवा मानवेल हो याला?" कॅनडा नको, तिथली थंडी झेपायची नाही, असं घरात आधीच ठरलेलं असतं. डब्लिन चालेल, कारण तिथे ना कडाका ना उकाडा. मेलबर्न, ऑकलंड, लिस्बन ही नावंही याच हिशेबाने पुढे येतात. मुलांच्या छातीच्या आजारांवर काम करताना हा प्रश्न मला इतके जण विचारतात, की एकदा सगळ्यांशीच नीट बोलावं असं मनात होतं.

आधी हे सांगते, की तुमची काळजी अनाठायी नाही. थंड, कोरडी हवा जोरजोरात आत ओढली की श्वासनलिकांचं अस्तर कोरडं पडतं आणि भोवतीचे स्नायू आवळतात. कॅनडातल्या एडमंटनच्या जानेवारीत उणे वीस अंशांत बस पकडायला धावणाऱ्या दम्याच्या मुलाची छाती भरून येणं अगदी शक्य आहे. नाका-तोंडावर मफलर घेतला, निघण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेतला तर बरंच निभावतं, तरी तो त्रास खरा आहे. शिवाय आपल्याकडे हवापालटावरचा विश्वास जुना आहे. क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला नेऊन ठेवणाऱ्या पिढीची आपण नातवंडं-पतवंडं. म्हणून सौम्य हवेचं गाव शोधावंसं वाटतं, यात नवल नाही.

पण सौम्य हवा म्हणजे दम्याला मानवणारी हवा, हे गणित जुळत नाही. 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 56 देशांतल्या साडेचार लाखांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत छातीत घरघर होण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त कुठे आढळलं? ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. म्हणजे आपण ज्यांच्या हवेला सौम्य म्हणतो, नेमके ते देश. भारत त्या यादीत खालच्या बाजूला होता. एवढ्यावरून तिथली हवा वाईट ठरत नाही, कारण दम्यामागे राहणीमान, आनुवंशिकता आणि घराची रचना अशा कितीतरी गोष्टी असतात. मात्र तापमानाचे आकडे बघून देश निवडणाऱ्याने ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

यामागचं एक कारण गादीत दडलेलं असतं. डस्ट माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावा शोषून ते जगतात. ना फार थंडी ना फार ऊन अशा दमट किनारपट्टीवर त्यांची चंगळ असते. उलट स्वित्झर्लंडमधलं दावोस साधारण 1560 मीटर उंचीवर, थंड आणि कोरडं. तिथे हे किडे फार कमी. म्हणूनच डच लोकांनी तिथे दम्याचं रुग्णालय वर्षानुवर्षं चालवलं. तिथे रोग्यांना आराम पडायचा, पण खाली आपल्या गावी परतल्यावर अनेकांचा त्रासही परतायचा.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची गोष्ट तर प्रत्येक आई-बाबांनी ऐकावी अशी आहे. विसाव्या शतकात दम्याचे आणि अ‍ॅलर्जीचे कितीतरी रोगी कोरड्या हवेसाठी टूसॉनला जाऊन राहिले. वाळवंट, निवडुंग, पराग जवळजवळ नाहीत, खरोखर आराम पडावा अशी जागा. पण आलेल्या माणसांना गावाकडची हिरवळ आठवायची. त्यांनी अंगणात सावलीसाठी तुती लावली, ऑलिव्ह लावले, बर्म्युडा गवताची लॉन केली. झाडं मोठी झाली आणि ज्या परागांपासून लोक पळाले होते तेच दारात येऊन बसले. शेवटी 1980च्या दशकात तिथल्या प्रशासनाला तुती आणि ऑलिव्हच्या परागवाल्या जातींवर बंदी घालावी लागली.

आता मेलबर्नबद्दल थोडं थांबून बोलते, कारण आपली कितीतरी मुलं तिथे आहेत. 21 नोव्हेंबर 2016. दिवसभर उन्हाचा तडाखा होता, संध्याकाळी वादळ आलं. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला रायग्रास नावाच्या गवताची कुरणं पसरलेली आहेत आणि तो त्याच्या फुलोऱ्याचा काळ होता. एरवी परागाचा कण मोठा असतो, नाकात अडकतो, शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि तेवढ्यावर भागतं. पण वादळातल्या ओलाव्याने ते कण फुगून फुटले, त्यांचा बारीक चुरा वाऱ्याने जमिनीलगत शहरभर पसरवला आणि तो थेट छातीत उतरला. काही तासांत हजारो माणसं इस्पितळांत पोचली. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या. दहा जण दगावले. नंतरच्या तपासात दिसलं की त्रास झालेल्यांत भारतीय आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. आणखी एक, अनेकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकच नव्हतं. दर वसंतात नाक गळतं, एवढीच त्यांची तक्रार होती.

त्यानंतर व्हिक्टोरिया राज्याने अशा वादळांचा अंदाज द्यायला सुरुवात केली. दरवर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर तो मिळतो. तुमचं मूल तिथे असेल तर तो अंदाज त्याच्या फोनवर येतोय ना, हे विचारा. धोका जास्त असलेल्या दिवशी वादळ येण्याआधी घरात जायचं, खिडक्या लावायच्या आणि रोजचा पंप चुकवायचा नाही. मेलबर्नला पाठवूच नका, असं मी कुणालाही म्हणत नाही. उपचार नीट चालू असलेली मुलं तिथे मजेत राहतात.

आणि "तिकडची हवा त्याला मस्त मानवली" हे वाक्य पहिल्या वर्षी फार गांभीर्याने घेऊ नका. नव्या गवताची, नव्या झाडांची अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही. शरीराची त्या परागाशी ओळख व्हायला एक-दोन हंगाम जावे लागतात. कितीतरी मुलांना पहिल्या वसंतात काहीच होत नाही, त्या भरात ती औषधं सोडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात खोकला सुरू होतो. तोवर डॉक्टरांची नोंदणीही केलेली नसते.

देश आणि शहर यांवर तुम्ही महिनोन्‌महिने विचार करता. माझी कळकळीची विनंती आहे, त्यातला निम्मा वेळ खोलीसाठी द्या. न्यूझीलंडमध्ये फिलिपा हॉडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण 1350 घरांचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात कुणाला तरी श्वासाचा त्रास आहे अशी ती जुनी घरं होती. काही घरांच्या छताला आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर बसवला, काहींचं काम नंतर केलं. गाव तेच, हवा तीच, माणसं तीच. थर बसवलेल्या घरांतला ओलावा थोडा कमी झाला, ती जराशी उबदार झाली आणि तिथली छातीची घरघर, शाळेच्या बुडणाऱ्या दिवसांची संख्या दोन्ही कमी झाली. पुढे त्या देशात भाड्याच्या घरांसाठी नियमच आला, मुख्य खोली निदान 18 अंशांपर्यंत तापवता आली पाहिजे.

म्हणून व्हिडिओ कॉलवर खोली बघाल तेव्हा पलंग आणि टेबल बघून समाधान मानू नका. मुलाला फोन खिडकीच्या चौकटीजवळ न्यायला सांगा. काच आणि चौकट जिथे मिळतात तिथे काळे ठिपके दिसतात का? कपाट भिंतीपासून हातभर ओढायला सांगा आणि मागची भिंत बघा, विशेषतः ती बाहेरच्या बाजूची असेल तर. पोपडे, हिरवट-काळी छटा, कुबट वास, म्हणजे बुरशी. रंगाचा हात मारून ती जात नाही, ओल थांबवावी लागते. अंघोळीच्या जागी हवा खेचणारा पंखा आहे का? स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की धूर बाहेर जातो का? थंडीच्या देशांत मुलं खोलीतल्या हीटरवर ओले कपडे वाळत घालतात, ते सगळं पाणी हवेत आणि मग भिंतीत उतरतं. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जुना गालिचा असेल तर दुसरी खोली शोधा. हिवाळ्यात उबदार नसलेली घरं 'सौम्य' देशांतच जास्त भेटतात, कारण तिथे हीटिंगची गरज नाही असं धरूनच घरं बांधलेली असतात. पोर्तुगालमध्ये राहिलेल्यांना विचारा, जानेवारीत रस्त्यापेक्षा घरात जास्त गारठा वाटतो.

आणि खोली कुठल्या रस्त्यावर आहे तेही बघा. लंडनमधली एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने फेब्रुवारी 2013 मध्ये गेली. तिचं घर साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यालगत होतं. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर 2020 मध्ये दुसऱ्या चौकशीत मृत्यूच्या कारणांमध्ये हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. आपण 'परदेशातली स्वच्छ हवा' म्हणतो तेव्हा तो रस्ताही परदेशातच असतो. चार पैसे वाचतात म्हणून हमरस्त्यावरची तळमजल्याची खोली घेऊ नका. आतली गल्ली, वरचा मजला, खिडकी मागच्या बाजूला, हे जमलं तर बघा.

आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये शाळा उघडल्यावर दोनेक आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर, दम्याचा झटका येऊन इस्पितळात जाणाऱ्या मुलांची संख्या एकदम वाढते. सुट्टीनंतर सगळे एकत्र येतात आणि सर्दीचे विषाणू वाटले जातात. विद्यापीठांची गर्दीही त्याच दिवसांत होते. आपलं मूल नेमकं तेव्हा पोचतं, प्रवासाने थकलेलं, झोप अर्धवट, जेवणाचे हाल. त्या महिन्यात रोजचा पंप एक दिवसही चुकता कामा नये. फ्लूची लस घेण्याबद्दल जायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

औषधांची तयारी थोडक्यात सांगते. पंप हातातल्या बॅगेत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणि चिठ्ठीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. आपलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतं, हे मुलाला ठाऊक हवं. इथला नेब्युलायझर नेऊ नका, अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या 110-120 व्होल्टवर तो चालत नाही. बहुतेक वेळा पंप आणि स्पेसर तेच काम तितकंच चांगलं करतात. विमा घेताना आधीपासूनच्या आजाराचं कलम पूर्ण वाचा आणि दमा लपवू नका. ब्रिटनचा व्हिसा घेताना विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे पैसेही पडत नाहीत. दम्याच्या मुलासाठी हा फरक तापमानाच्या दोन अंशांपेक्षा मोलाचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता सगळ्यांत नाजूक बोलणं. "पंपाची सवय लागेल" ही भीती घराघरांत अजून आहे. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड अगदी थोडं असतं, थेट श्वासनलिकेत जातं, तिथली सूज उतरवतं. त्याची सवय लागत नाही. भीती वाटायला हवी ती त्रास झाला की नुसता आराम देणारा पंप मारायचा आणि बाकी काही नाही, या पद्धतीची. नुसत्या त्या पंपावर दमा सांभाळू नये, असं 2019 पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. घरात तुम्ही ही भीती बोलून दाखवली असेल तर तिकडे गेल्यावर मूल पहिल्यांदा तेच औषध सोडतं.

आणि रात्री खोकला ऐकून उठणं, पंप संपत आला हे लक्षात ठेवणं, सहलीच्या पिशवीत तो घालणं, हे सगळं आजवर तुम्ही केलंत. त्यामुळेच ते लेकराला येत नाही. जायच्या सहा-आठ महिने आधी हे काम त्याच्या हाती द्या आणि मध्ये पडू नका. सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या नळीत, त्याने स्वतः फुंकायचं, आकडा स्वतः लिहायचा. त्याच्या सर्वोत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेलं तर काय करायचं, निम्म्याखाली गेलं तर काय करायचं, हे डॉक्टरांना त्याने विचारायचं, तुम्ही नाही. औषध दुकानातून त्यानेच आणायचं. एखादा दिवस चुकेल, छाती भरेल, तुमचा जीव वरखाली होईल. ते इथे, तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं.

निघायच्या आठवड्यात एका कागदावर एवढंच लिहून द्या. पंपाने आलेला आराम चार तासही टिकत नसेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर थांबायचं नाही, तातडीच्या मदतीला फोन करायचा. ब्रिटनमध्ये 999, अमेरिका आणि कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000, युरोपीय संघात 112. हा कागद आपल्या मुलाजवळ आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाजवळही असू द्या. त्या शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे, हे पहिल्याच आठवड्यात करून टाका.