पेटी दुरुस्तीला देण्याआधी

‘अगदी नव्यासारखी करून देतो’ असं म्हणणाऱ्याच्या हाती जुन्या पोर्टेबल टाइपरायटरची पेटी देऊ नका. मी एका बॅगवाल्यांना सांगितलं होतं ते एवढंच: कोपऱ्याचं आवरण सुटलंय ते चिकटवा, मूठ बदला, बाकी कशाला हात लावू नका. पावतीवर त्यांच्याच अक्षरात ते लिहिलेलं आहे. पावती जपून ठेवली आहे.

परत आली ती चकचकीत तपकिरी रेक्झिनची, कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम ठोकलेली पेटी. मूळ काळं आवरण सोलून फेकलेलं. तेही गिळलं असतं. पण घरी यंत्र आत ठेवलं तर झाकण बसेना. रेमिंग्टनच्या १९२० साली निघालेल्या या पोर्टेबलमध्ये टाइपचे दांडे आडवे निजवता येतात, म्हणून तर पेटी एवढी बुटकी. दांडे निजवलेलेच होते. झाकणात हात घातला तर बोटभर जाड फोम! तो ओरबाडून काढला, झाकण लावलं, पेटी उचलली आणि आतून धप्पकन आवाज आला. तळाच्या पाटावर यंत्राचे पाय अडकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या. त्याच गायब.

फोन केला. ‘साहेब, गंजलेलं भंगार होतं ते, काढून टाकलं. फोम लावलाय ना, मग हलेल कशाला?’ भंगार कचऱ्याच्या गाडीत गेलेलं. वर ‘एवढा माल घातला, जादा पैसे घेतले नाहीत’ हेही ऐकून घ्यावं लागलं.

असो. पेटी देताना आतून-बाहेरून फोटो काढा. काढलेला प्रत्येक तुकडा, खिळासुद्धा, पिशवीत घालून परत हवा असं लिहून घ्या. यंत्र दुकानात ठेवू नका. पण पेटी ताब्यात घेताना ते सोबत न्या, बसवा आणि तिथेच मूठ धरून उचलून बघा.

बॅगवाल्यापेक्षा जुना बुकबाइंडर बरा. त्याच्याकडे बाइंडिंगचं काळं कापड असतं आणि हाताला घाई नसते. जुन्या पेट्यांचं आवरण पुष्कळदा सरसाने चिकटवलेलं असतं. पावसाळ्यात सरस ओल धरतो, कोपरे सुटतात. पण तो कोमट पाण्याने मऊ होतो, त्यामुळे आवरण न फाडता सोडवता येतं. रबर सोल्यूशन लावलंत की ती सोय संपली. प्लायवुडचे थर सुटले असतील तर लाकडाचा पांढरा गोंद जुन्या पोस्टकार्डाने आत सारा, मेणकागद ठेवून रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळा. मुठीला नुसते खिळे चालत नाहीत, आरपार रिव्हेट हवेत. सगळं वजन तिथेच येतं. अस्तराला लोकरी फेल्ट लावा. फोमचा काही वर्षांत चिकट भुगा होतो आणि तो यंत्रात शिरतो. ओल्या पेटीत यंत्र ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

पट्ट्या नव्याने करायची वेळ आलीच तर पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याच्या करून पाहा, पाय नीट अडकतात का ते. माझ्या पेटीच्या पट्ट्या एका फॅब्रिकेटरने करून दिल्या. मूळ दुरुस्तीपेक्षा त्यालाच जास्त पैसे पडले. ते मी त्या बॅगवाल्या गृहस्थांकडे मागितले, तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत.