कृपा घरातही असू द्या

आईबाबांनो, आपल्या घरांत एक वाक्य फार सहज तोंडातून निघतं : ‘असं वागलास तर येशूला आवडणार नाही हं!’ दूध सांडलं, गृहपाठ राहिला, धाकट्याला चापट मारली, की येशूला मध्ये आणायचं. मुलाला यातून एवढंच कळतं की आई रागावते, बाबा रागावतात आणि वर आणखी एक जण वही उघडून बसलाय. रविवारी हेच मूल संडेस्कूलमध्ये इफिसकरांस पत्रातलं सोनेरी वचन घडाघडा म्हणतं : तारण कृपेने आहे, आपल्या कर्मांनी नाही. आम्ही त्याला पाठांतराचं पहिलं बक्षीस देतो. (कृपेच्या वचनाला पहिलं बक्षीस! यातली गंमत आम्हा शिक्षकांच्याही लक्षात येत नाही.)

दृढीकरणाच्या वर्गातली एक मुलगी मागे म्हणाली, ‘सर, मी साक्ष काय देऊ? आमच्याकडे पणजोबांपासून सगळे ख्रिस्ती. मी कधी कुठे भटकलेच नाही, तर परत कुठून येऊ?’ घरी तिला सांगितलं होतं, रडू आलं पाहिजे, तरच नवा जन्म खरा. बिचारी रडू येण्याची वाट बघत होती.

तिला मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. सोबत त्यांची छोटी लेक मनोरमा होती, तिचाही तेव्हाच झाला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली ही बाई. पुढे भारतात येऊन तिने शारदा सदन काढलं, विधवांना आसरा दिला, शिकवलं. सत्कर्मांत काही कमी नव्हती. तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं : ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या सुमारास त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन आलं होतं. हा गृहस्थ कित्येक वर्षं पाळकी करून मग स्वतःच्याच उपदेशात, भर व्यासपीठावर पालटला. पाळकाचं असं होतं, पंडितेचं असं होतं, तर तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला घाई कशाला?

आणि हेही बघा, मनोरमाचा बाप्तिस्मा आईने ठरवला, पण तिचा विश्वास आईला ठरवता आला नसता. पवित्र आत्म्याचं काम आपण अंगावर घेतो आणि मग मुलांवर चिडतो.

‘मग काय, मोकाट सोडायचं?’ हा प्रश्न जुनाच आहे. कृपा आहे तर पाप करत राहू या का, असं लोक विचारणार हे पौलाने रोमकरांना लिहितानाच ओळखलं होतं, आणि त्याचं उत्तर ठाम नाही असंच आहे. शिस्त हवीच. मोबाइल काढून घ्यायचा तर घ्या. पण शिक्षा संपली की ती गोष्टही संपली. चार दिवसांनी मावशीसमोर, ‘आमच्या साहेबांनी काय प्रताप केला माहितीये का?’ म्हणून ती उकरून काढू नका. ज्या इफिसकरांस पत्रातलं वचन आपण पाठ करून घेतो, त्याच पत्रात पुढे पौल बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. ते वचन मात्र संडेस्कूलच्या तक्त्यावर मी कधी पाहिलेलं नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट आपण धाकट्यावरच संपवतो. आपली बहुतेक मुलं त्याच्या मोठ्या भावासारखी असतात. घरातच असतात, सांगितलेलं ऐकतात आणि आतून कुढतात, की एवढं करून मला काय मिळालं? बाप त्या मोठ्याला समजवायलाही उठून अंगणात येतो. जेवणावळ टाकून, पाहुणे टाकून. हा भाग घरी मुलांबरोबर सावकाश वाचा. मुलगा वाद घालेल, धाकट्याचे लाड झाले म्हणेल. घालू द्या वाद.

दृढीकरणाची नावं आता घेणं सुरू आहे. चुलतभावाचं झालं म्हणून, किंवा आजी येणार आहे म्हणून मुलाचं नाव घालू नका. ‘मला अजून नाही वाटत’ असं तो म्हणाला तर रागावू नका. नाव पुढच्या वर्षी घालता येईल. पाळकसाहेबांशी मी बोलतो.