देवनागरी नावांचा जालप्रवास : अक्षरसंकेतन आणि पाठभ्रंश

मराठी पाठचिकित्सेने आजवर प्रामुख्याने लेखनिकाच्या हातून होणाऱ्या चुकांचा विचार केला. नजर चुकून ओळ गळणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल होणे, अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द येणे हे त्यातील नेहमीचे प्रकार होत. आज मराठी मजकूर फार मोठ्या प्रमाणावर एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे विनंतीच्या रूपाने जातो : दाखल्याचा अर्ज, सातबाऱ्याचा शोध, ग्रंथसूचीतील पृच्छा. या प्रवासात लेखनिक नसतो, तरीही पाठभ्रंश होतो. त्याची कारणे कोणती, आणि त्यांतील खास मराठीची अशी कोणती, हे भंडारा जिल्ह्याशी निगडित काही शब्दांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भंडाऱ्याचा महानुभाव परंपरेशी जुना संबंध आहे. चक्रधरांचे शिष्य निळभट्ट भांडारेकार यांच्या नावातच तो दिसतो. या पंथाने आपल्या ग्रंथांसाठी सकळ लिपी वापरली. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते, आणि किल्ली ठाऊक नसेल तर पोथी समोर असूनही मुकी राहते. संगणकाचा व्यवहारही मूलतः असाच आहे. तारेतून अक्षर जात नाही, आकडे जातात. पाठवणाऱ्याने कोणत्या किल्लीने अक्षरांचे आकडे केले हे घेणाऱ्यास कळले नाही, तर तो आपल्या किल्लीने वाचतो. फरक एवढाच, की सकळ लिपीत गुप्तता हेतुपुरस्सर होती.

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात प्रत्येक देवनागरी वर्णास एकच बाइट होता. परंतु तेच आकडे पश्चिम युरोपीय किल्लीत निराळ्या अक्षरांचे होते. शिवाय खाजगी फाँटांच्या किल्ल्या परस्परांहून भिन्न. युनिकोडने प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक दिला आणि ‘यूटीएफ-८’ ही तो बाइटांत मांडण्याची रीत रूढ झाली. या रीतीत देवनागरी वर्णास तीन बाइट लागतात. ‘भ’ म्हणजे २२४, १६४, १७३. ‘भंडारा’ या शब्दात भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून बाइट अठरा. हाच शब्द जालपत्त्यात घालावयाचा तर प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे लिहावी लागतात, आणि तीन अक्षरांचे गाव चोपन्न चिन्हांचे होते.

भ्रंशाचे प्रकार येथूनच सुरू होतात. अठरा बाइट पश्चिम युरोपीय किल्लीने वाचले गेले, तर प्रत्येक चिन्हाच्या आरंभी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसतो. हा मजकूर विद्रूप असला तरी बहुधा मृत नसतो. बाइट शाबूत असतील तर उलट दिशेने तो सोडवता येतो. याउलट, ज्या किल्लीत देवनागरीला जागाच नाही तिच्यात रूपांतर केल्यास सहा प्रश्नचिन्हे उरतात. ‘पवनी’ची चार. त्यांतून मूळ पाठ परत मिळत नाही. तिसरा प्रकार मोजणीचा. विनंतीची लांबी बाइटांत सांगावयाची असते. कोणी वर्ण मोजून ‘सहा’ सांगितले, तर घेणारा पहिले सहा बाइट वाचून थांबतो आणि ‘भंडारा’चे ‘भं’ होते.

विनंतीच्या शीर्षभागात यूटीएफ-८ असे जाहीर करणे हा पहिला उपाय होय, पण तो पुरेसा नाही. ती घोषणा विनंतीच्या अंगातील मजकुरापुरती असते, पत्त्यातील मजकुराला ती लागू पडत नाही. टॉमकॅट हा सर्व्हर आठव्या आवृत्तीपूर्वी पत्त्यातील बाइट पश्चिम युरोपीय किल्लीनेच वाचत असे. तेथे वेगळी सूचना द्यावी लागे.

येथवरचे दोष तमिळ वा बंगालीलाही लागू आहेत. मराठीचा खरा प्रश्न ‘ऱ’चा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा ‘आचाऱ्यास’ दिलेली नव्हे. हा अर्धा ‘र’ युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. पण अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकणारी चाळणी वाटेत असली, तर दुसऱ्या प्रकारचे ‘दऱ्या’ निमूटपणे ‘दर्या’ होते. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. ‘वऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाची नोंद एका रूपात असून शोध दुसऱ्या रूपात घेतला, तर तो माणूस दप्तरात असूनही सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण ही दोन रूपे एक करीत नाही. ते काम मराठी जाणणाऱ्यानेच मुद्दाम करावे लागते. ‘ॲ’चीही हीच गत आहे. हा वर्ण २००८ मध्ये युनिकोडात आला. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र चढवून तो लिहिला जात असे, आणि ते जुने लेखन आजही दप्तरांत आहे.

बोलींच्या अभ्यासकास यात वेगळाच धोका आहे. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हा खरा भेद, त्याची नोंद झालीच पाहिजे. परंतु संगणकाकडून शब्दगणना करून घेतली, तर ‘वऱ्हाडी’ची दोन संकेतरूपे तो दोन शब्द म्हणून मोजतो आणि बोलीत नसलेला पाठभेद तक्त्यात उभा राहतो. म्हणून संग्रहात मजकूर घेतानाच ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांची रूपे एका ठरावीक लेखनात आणावीत, मूळ बाइट मात्र स्वतंत्र जतन करावेत, आणि शोधाची विनंती पाठवतानाही तेच रूपांतर आधी लावावे. ‘डोरा’ला या रूपांतराचा स्पर्श होता कामा नये.