दाब दुप्पट, प्रवाह मात्र जेमतेम

प्रश्न : विंचूरच्या एका वायनरीत शिकाऊ आहे. फिल्टरचा दाब दुप्पट केला, तरी प्रवाह थोडासाच वाढला. हिशेब कुठे चुकतो?

उत्तर : दाब वाढला की फिल्टरच्या कापडावर थर करून साचलेल्या यीस्टच्या मऊ पेशी एकमेकींवर चेपतात आणि थराचा रोधही वाढतो. हा रोध दाबाच्या ०.८ घाताने वाढतो असं धरा. मग दुप्पट दाबाला प्रवाह फक्त २ चा ०.२ घात, म्हणजे सुमारे १.१५ पट होतो. म्हणून पंपावर खर्च करण्याआधी स्थिर दाबावर छोटी चाचणी घ्या. समजा, पहिला लिटर ५ मिनिटांत आला आणि दोन लिटर १६ मिनिटांत. वेळ भागिले आकारमान केलं की ५ आणि ८ मिळतात; ते आकारमानासमोर आलेखावर मांडा. या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ ३, तो थराचा रोध. उभ्या अक्षावरचा छेद २, तो कापडाचा. तीन लिटरला मग ३३ मिनिटं लागतील. तेवढ्याच दाबाला क्षेत्रफळ दुप्पट केलंत, तर तेच तीन लिटर पावणेदहा मिनिटांत! माझा कल नेहमी क्षेत्रफळाकडेच असतो. प्रत्यक्षात मात्र दोनच बिंदूंवर विसंबू नका, पाच-सहा घ्या. वाइनमध्ये केसलगुर (डायटम शैवालांच्या कवचांची भुकटी) मिसळलं तर थर सच्छिद्र राहतो आणि चढ उतरतो.

बाटलीआधीच्या ०.४५ मायक्रॉनच्या पटलाला मात्र हे सूत्र सरसकट लावू नका. तिथे थर साचण्याआधी छिद्रंच बुजतात. त्याची चाचणी वेगळी घ्यावी लागते.