जुन्या कापडाची पिशवी व तिचा हिशेब

विद्यार्थ्यांनो, महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०१८ च्या मार्च महिन्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. परंतु बाजारांत जाणाऱ्याच्या हातीं दुसरी पिशवीच नसेल, तर केवळ कायद्यानें हें काम कसें तडीस जावें? प्लॅस्टिक कुजत नाहीं; त्याचे बारीक तुकडे मात्र होतात, व पावसाळ्यांत तें गटारांच्या तोंडाशीं अडकून पाणी तुंबवितें. म्हणून कापडी पिशवी हवी, हें सर्वांस मान्य आहे.

तथापि, पिशवी कापडी आहे एवढ्यानेंच ती हितकर ठरत नाहीं. कपाशी पिकविणें, सूत कातणें, विणणें व रंगविणें यांस पाणी व इंधन फार लागतें. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेनें इ. स. २०११ मध्यें असा हिशेब प्रसिद्ध केला कीं, हवामान तापविणाऱ्या वायूंपुरतें पाहिलें, तर नवी सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां ती एकदांच वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीशीं बरोबरी करते. आठवड्यांतून दोनदां बाजार केला, तर यास सुमारे सव्वा वर्ष लागेल! यावरून दोन नियम निघतात: पिशवी जुन्या कापडाची असावी, व ती पुष्कळ दिवस टिकावी.

आतां कृति पाहूं. जुन्या चादरीचा मधला भाग बहुधा विरलेला असतो. म्हणून कांठाकडील भाग घ्या. ३२ इंच लांब व १६ इंच रुंद असा एक तुकडा, आणि बंदांकरितां २२ इंच लांब व ४ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापा. पट्टीच्या दोन्ही कडा मध्याशीं आणून ती पुन्हा दुमडा व शिवा, म्हणजे चौपदरी बंद होतो. मोठ्या तुकड्याच्या दोन्ही आंखूड कडा प्रथम अर्धा व मग दीड इंच आंत दुमडून शिवा. प्रत्येक दुमडीवर एक बंद लावा. दोहों बाजूंस ४ इंच सोडून त्याचीं टोकें चौकोनी शिवा व चौकोनांत फुली घाला. पिशवी बहुधा येथेंच उसवते. चौकोनामुळें भार चहूंकडे वांटला जातो.

मग सुलट बाजू बाहेर ठेवून तुकडा मध्यें दुमडा. दोन्ही बाजू पाव इंचावर शिवा. पिशवी उलटवून पुन्हा अर्ध्या इंचावर शिवा, म्हणजे कच्च्या कडा आंत झांकल्या जाऊन दोरे सुटत नाहींत. शेवटीं ती सुलट करा. तळाशीं केवळ घडी असल्यामुळें तेथें उसवण्यास जागाच नाहीं. हातानें शिवणाऱ्यांनीं धावदोरा न घालतां टीप घालावी. प्रत्येक टांका मागें येऊन पुढें जावा.

पालकांस विनंती कीं, मुलींप्रमाणें मुलग्यांच्याही हातीं सुई द्यावी. आणि तयार झालेली पिशवी दाराजवळच्या खुंटीस टांगावी. कपाटांत जपून ठेवलेली पिशवी कितीही सुबक असली, तरी तिचा हिशेब कधींच फिटत नाहीं.