संगणक बदलला की प्रोग्राम का मोडतो?



मागील सत्रात अकरावीच्या एका विद्यार्थ्याने सी भाषेत क्रमगुणिताचा प्रोग्राम लिहून आणला. घरच्या संगणकावर १३ चे क्रमगुणित ६२२७०२०८०० आल्याचे त्याच्या वहीत होते. शाळेच्या संगणक कक्षात त्याच प्रोग्रामने १९३२०५३५०४ छापले. उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून वहीत उतरवले असावे असे समजून आम्ही त्याला वर्गासमोर बोललो. चूक आमचीच होती. दोन्हीकडे लिनक्स, पण घरचा संगणक ६४ बिटचा आणि आमचा जुना ३२ बिटचा. 'लाँग' प्रकारच्या संख्येला घरी ६४ घरे मिळतात, शाळेत ३२. १२ पर्यंत उत्तरे जुळतात. १३ ला संख्या मावत नाही, ४२९४९६७२९६ गळून जातात आणि संगणक अवाक्षर काढत नाही.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज असतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तो ३८६ प्रोसेसरसाठी लिहिला. आज तो मोबाइलमधल्या आर्मपासून आयबीएमच्या मेनफ्रेमपर्यंत चालतो. प्रत्येक प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी, म्हणून एकच सोर्स कोड प्रत्येकासाठी वेगळा कंपाइल करावा लागतो. याला बिल्ड म्हणतात.

एक नेहमीचे उदाहरण पहा. कोणी ६४ बिटच्या संख्येचा साधा भागाकार लिहितो. त्याच्या ६४ बिट यंत्रावर बिल्ड सुरळीत होते. ३२ बिटच्या यंत्राला एवढा भागाकार एका सूचनेत जमत नाही, म्हणून कंपायलर एका मदतनीस फंक्शनला हाक मारतो. कर्नलमध्ये ते फंक्शन मुद्दाम ठेवलेले नाही, कारण असा भागाकार वेळखाऊ असतो आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानात यावे. हाक रिकामी जाते, बिल्ड तुटते. आम्हांस ही योजना फार आवडली. आमच्या १३ च्या क्रमगुणिताने असा आरडाओरडा केला असता, तर त्या मुलाला बोलणी खावी लागली नसती.

पण प्रत्येकाच्या घरी सगळी यंत्रे कुठून असणार? यासाठी क्रॉस-कंपायलर असतो. तो एका संगणकावर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करतो. कर्नलमध्ये येऊ घातलेले बदल एकत्र करून अनेक आर्किटेक्चरांवर बिल्ड करून पाहण्याचे काम 'लिनक्स-नेक्स्ट'मध्ये २००८ पासून चालते. इंटेलचा तपासणी-रोबोही बिल्ड तुटले की बदल करणाऱ्याला पत्र धाडतो.

डेबियनची शिस्त आणखी कडक. कोड आला की प्रत्येक आर्किटेक्चरची यंत्रे तो आपापल्याकडे बिल्ड करतात, आणि त्याची नोंद कोणालाही वाचता येते. पूर्वी एखाद्या आर्किटेक्चरवर होणारे बिल्ड आता तुटले, तर तो गंभीर दोष मानून पॅकेज पुढे जाऊ देत नाहीत. पुष्कळ पॅकेजांच्या चाचण्याही बिल्डसोबतच होतात, त्यात आकड्यांच्या क्रमाचे घोटाळे सापडतात. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो आणि वीस मागून. इंग्रजीत वीस आधी. इंटेलचे प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, आयबीएमचे मेनफ्रेम मोठा भाग आधी. क्रम गृहीत धरून लिहिलेला कोड दुसरीकडे भलतीच संख्या वाचतो. (आमची पदवी हिंदी माध्यमाची आणि संगणक आम्ही उशिरा शिकलो; हा 'पंचवीस'चा दाखला सुचला तेव्हा कुठे ही गोष्ट आमच्या डोक्यात शिरली.)

त्या विद्यार्थ्याची आम्ही वर्गातच माफी मागितली आहे. संगणक कक्षातील जुने ३२ बिटचे संगणक भंगारात काढण्याचा प्रस्ताव आम्हीच दिला होता. त्यांपैकी दोन चाचणीसाठी राहू द्यावेत अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. 'लाँग'च्या जागी 'लाँग लाँग' लिहिल्यावर १३ चे उत्तर दोन्हीकडे सारखे येते. २१ ला काय होते, ते मुलांनी करून पाहावे.