आजोबांची मॉरिस आणि हरवलेले व्होल्ट

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठी फक्त मराठीच्या तासाला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांना धरा. विषय मात्र माझ्या हातचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले, तेव्हा आजोबांची १९५८ ची मॉरिस मायनर विकायचं जवळजवळ ठरलं होतं. स्टार्टर ओढला की इंजिन नुसतं कण्हायचं. चालू झालंच तर दोन-तीन किलोमीटरवर झटके देत बंद. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घातली, तरी तेच. मग म्हणाला, पंप गेलाय आणि स्टार्टरचं रिवाइंडिंग करावं लागेल. त्यात आजोबांचं एकच पालुपद, "अरे, चोकचं बटण गरम लागतंय." मामी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "वय झालं गं, काहीही वाटतं त्यांना." गाडीपेक्षा मला हेच जास्त लागलं.

आता थोडी गाडीची ओळख. पुढे 'मिनी' बनवणाऱ्या ॲलेक इसिगोनिस यांचंच हे डिझाइन. इंग्लंडमध्ये १९४८ ते १९७१ पर्यंत बनत होतं. या मॉडेलला चावीने स्टार्ट नाही, डॅशबोर्डवरचा नॉब ओढायचा. पेट्रोल पंप इलेक्ट्रिक, एस. यू. कंपनीचा, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर बसवलेला. चावी फिरवली की टक-टक वाजतो आणि कार्बोरेटर भरला की गप्प होतो. आणखी एक गंमत म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं! माझ्या मीटरवर पहिलं रीडिंग मायनसमध्ये आलं, तेव्हा मला वाटलं मीटरच बिघडला.

पंपाकडे येणारी पांढरी वायर सोडवून मी व्होल्टेज मोजलं. १२.४. म्हणजे वायर ठीक, पंप खराब. मी हे जाहीर करूनही टाकलं! आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "अगं, काम करायला लाव आणि मग मोज. नुसतं बसलेलं कोणीही दमत नाही."

लाजच वाटली. ओहमचा नियम आम्ही तीन वर्षं घोकतोय. करंटच वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडणार कसं? पंपाचे पॉइंट सतत उघडझाप करतात, त्यामुळे तो जोडला की मीटरचा आकडा नाचतो. म्हणून पंपाऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. (आधी बॉनेट उघडून पेट्रोलचा वास नाही ना, ते बघून. ही पांढरी लाइन फ्यूजमधून जात नाही, त्यामुळे शॉर्ट झाली तर वायरच जळणार.) बल्ब मिणमिणला. करंट १.४ अँपिअर, बल्बवर ८ व्होल्ट. बाकीचे ४.४ व्होल्ट वाटेत गायब, म्हणजे सुमारे ३ ओहम. वायर चाचपत गेले तर फ्यूज बॉक्सजवळ काळ्या टेपखाली बोटाला चटका बसला. कोणीतरी कधीतरी वायर तोडून नुसती पीळ देऊन जोडली होती, तांबं हिरवं पडलेलं. बॅटरीची वायर काढून जोड साफ केला, सोल्डर केला. पंप खणखणीत टकटकायला लागला.

स्टार्टरचं प्रकरण याहून मजेशीर. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मामाने नॉब ओढायचा आणि मी मोजायचं. बॅटरीवर ११.२, स्टार्टरवर फक्त ७.२. बॅटरीपासून स्टार्टरच्या टर्मिनलपर्यंत ०.४ पडले. मग ३.६ कुठे गेले? किर्चहॉफचा हिशोब चुकत नाही. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावला, तर नेमके ३.६!

इंजिन रबर माउंटिंगवर बसतं, म्हणून करंट परतायला गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी असते. ती गंजून जेमतेम दोन-चार तारांवर लोंबत होती. ओहमच्या रेंजवर तीच पट्टी ०.४ दाखवत होती, आणि मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्या तरी ०.४. शंभर अँपिअरच्या वाटेवर ०.०३ ओहमसुद्धा खूप होतात, ते साधा मल्टिमीटर दाखवूच शकत नाही.

मग उरलेला करंट जायचा कुठून? कार्बोरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत दुसरी लोखंडी वाट एकच: चोकची केबल! पेट्रोलच्या शेजारी तापणारी तार. आजोबांचं बटण खरंच गरम होत होतं, आणि महिनाभर आम्ही सगळे त्यांच्या वयाला हसत होतो.

नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळले. आता इंजिन फिरताना बॅटरीवर १०.३, स्टार्टरवर ९.६, आणि अर्थिंगकडे फक्त ०.२. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा कमी बघून मामा घाबरला. पण स्टार्टरला पोटभर करंट मिळाला की बॅटरी तेवढी खाली येणारच. (इलेक्ट्रिकलवाल्यांना व्हायव्हासाठी एक प्रश्न: या गाडीची बॅटरी उलटी लावली तर स्टार्टर कुठल्या दिशेने फिरेल? सिरीज मोटर आहे, एवढीच हिंट. करून बघू नका, डायनॅमोची वाट लागेल.)

कॉइलची वायर परत लावली. मामाने नॉब ओढला, पहिल्या ओढीत इंजिन चालू. आजोबांनी दारातून आत वाकून चोकच्या बटणावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग घराकडे वळून हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर या. इथे हात लावून बघा."